लाखोळीचे उपकार

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या मालिकेतलं 51 क्रमांकाचं छापचित्र माझ्या गावच्या डाळीचं आहे. कला महाविद्यालयात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासाठी गोया म्हणजे 3 मे 1808 च्या रात्रीचं ते मोठं तैलचित्र: पांढऱ्या सदऱ्यातला हात पसरलेला माणूस आणि समोर बंदुकांची रांग. मालिकेतली दोन-तीन चित्रं पुस्तकात असत, पण ती झाडाला लटकवलेल्या देहांची. एकूण 82 चित्रांपैकी 48 ते 64 ही चित्रं माद्रिदच्या उपासमारीची आहेत, हे मला कळलं तेव्हा मी स्वतः छापचित्रकार म्हणून बरीच वर्षं काम करत होते, नागपुरात माझी स्वतःची प्रेस होती आणि हातावर फेरिक क्लोराइडचे पिवळे डाग कायमचे वस्तीला आले होते.

गोयाने चित्राचं जे शीर्षक ठेवलं आहे त्याचा मराठीत अर्थ होईल, ‘लाखोळीचे उपकार’. मधोमध एक भांडं. भोवती माणसं जमली आहेत, त्यांच्या हातात वाडगे. पिठाची पातळ लापशी वाटली जाते आहे. आणि पुढे जमिनीवर एक बाई आडवी पडलेली. ती मेलेली नाही. तिला उठता येत नाही.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या मुलखात. धान पिवळं पडू लागलं की कापणीच्या आधीच उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकायचं. नांगर नाही, खत नाही, पाणी देणं नाही. धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवर ती उगवते, धान कापून नेलं की उन्हात मोकळी होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उपटायला येते. बारीक निळी फुलं असतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात, डाळीचं वरण करतात, वडे करतात. पाऊस कमी झाला तरी ती तग धरते, बांधीत पाणी साचलं तरी मरत नाही. म्हणूनच दुष्काळात सगळं संपल्यावर शेवटी तीच उरते. तिच्यात एक विषारी अमिनो आम्ल असतं. महिनोन् महिने माणसाच्या पोटात फक्त तीच जात राहिली तर पाय आखडू लागतात आणि मग कायमचे जातात. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो विल्यम स्लीमन सागर भागात असताना 1830 च्या आसपास त्याने हेच पाहिलं. गहू बुडाला, लोक या डाळीवर जगले आणि गावोगावच्या तरण्या पोरांचे पाय लुळे पडले. 1844 साली छापलेल्या त्याच्या आठवणींत हे आहे. स्लीमनने हे पाहिलं तेव्हा गोयाने माद्रिदमध्ये पाहिल्याला पुरती वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती.

भारतात 1961 साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्रात ती 2008 मध्ये उठली. मधल्या काळात आमच्याकडे ती पिकत होती आणि शिजतही होती. माझ्या आजीने आयुष्यभर खाल्ली आणि ऐंशीच्या घरात असताना ती बांधावरून ताठ चालत जायची. तिच्या ताटात लाखोळीबरोबर भात होता, पालेभाजी होती, तळ्यातले मासे होते. ताटातून हे सगळं काढून घेतलं की तीच डाळ पाय नेते. हे कुणी काढून घेतलं, कसं घेतलं, ते ताटाच्या बाहेर घडतं. चित्रकाराला दिसतं ते ताट. भुकेचं चित्र काढू पाहणाऱ्या प्रत्येकाची अडचण ही आहे, आणि मी ज्या चित्रकारांच्या मागे प्रवास केला त्यांनी ती कशी सोडवली हे पाहायलाच मी गेले होते.

माद्रिदमध्ये पुएर्ता देल सोल या चौकातून अल्काला रस्त्याला लागलं की काही मिनिटांवर सान फर्नांदो अकादमी आहे. 2 मे 1808 चा फ्रेंचांविरुद्धचा उठाव याच चौकात रक्ताने भिजला होता. गोयाच्या तांब्याच्या प्लेटा अकादमीत जपून ठेवल्या आहेत आणि मंद उजेडात थोड्या थोड्या करून मांडतात. ‘अनर्थ’ मालिकेतली प्लेट फार लहान असते, साधारण 15 बाय 20 सेंटिमीटर. शाळेच्या वहीएवढीसुद्धा नाही. पुस्तकात आपण तिची छायाचित्रं मोठी करून पाहतो आणि भिंतभर आक्रोश आहे असं मनात धरतो. प्रत्यक्षात तो आक्रोश तळहातावर मावतो, आणि पाहायचा तर वाकून, एकट्याने पाहावा लागतो. प्लेटवर चित्र उलटं असतं. आयुष्यभर उलटं कोरण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला तिथे गोयाचा हात थेट वाचता आला. सुई कुठे घाईत गेली आहे, आम्लाने कुठे खोल खाल्लं आहे, राळेची भुकटी कुठे विरळ पडली आहे, हे कागदापेक्षा तांब्यावर जास्त खरं दिसतं. मी तिथून हलू शकले नाही. पहारेकऱ्याने दोनदा येऊन पाहिलं आणि तिसऱ्यांदा माझ्यासाठी खुर्ची आणली.

युद्धकाळात तांबं मिळत नव्हतं. गोयाने स्वतःच्याच दोन निसर्गचित्रांच्या मोठ्या प्लेटा कापून अर्ध्या केल्या आणि त्यांच्या पाठीवर ही चित्रं कोरली. पुढच्या बाजूला डोंगर, धबधबा. मागच्या बाजूला बायकांवर हात टाकणारे सैनिक. कलेच्या इतिहासात हे तळटीपेत येतं. मला ते मुख्य मजकुरात हवं आहे. चित्रकार आपलं पूर्वीचं काम मोडून त्यातून नवं काम उभं करतो, कारण आत्ता जे समोर आहे त्याला साहित्य नाही आणि थांबायला वेळ नाही. आमच्या धंद्यात प्लेट कापणं काय असतं हे ज्याने कापली आहे त्यालाच कळेल.

1811 च्या शरदापासून 1812 च्या उन्हाळ्यापर्यंत माद्रिद उपाशी होतं. शहरात फ्रेंच फौजा आणि नेपोलियनचा भाऊ जोसेफ गादीवर. बाहेरच्या वाटा गनिमी टोळ्यांनी रोखलेल्या. खेड्यात जे पिकलं ते फौजेने वसूल केलेलं. पाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. त्या वर्षात सुमारे 20,000 माणसं मेली. गोया तेव्हा पासष्टी ओलांडलेला, वीस वर्षांपासून ठार बहिरा. प्रेतांच्या गाड्यांचा खडखडाट त्याला ऐकू येत नव्हता, फक्त दिसत होता. 1812 साली त्याची बायको होसेफा गेली.

आणि हा माणूस दरबारी चित्रकार होता. आधी चौथ्या कार्लोसचा. मग जोसेफ बोनापार्टशी निष्ठेची शपथ घेतली, त्याच्याकडून पदक मिळालं. 1814 मध्ये सातवा फर्नांदो परतला तेव्हा चौकशीला तोंड द्यावं लागलं, त्यातून सुटला आणि पुन्हा दरबारात रुजू झाला. दिवसा राजांची चित्रं, आणि त्याच वर्षांत या प्लेटा. त्या त्याने हयातीत प्रसिद्ध केल्या नाहीत. थोड्या चाचणी-प्रती काढल्या, एक संच बांधून सेआन बेरमुदेस या मित्राला दिला, 1824 मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला निघून गेला आणि 1828 साली तिथेच वारला. मालिका छापली गेली 1863 मध्ये, मृत्यूनंतर 35 वर्षांनी. याला भित्रेपणा म्हणणारे मला भेटले आहेत. मी तसं म्हणणार नाही. मी स्वतः उड्डाणपुलांच्या खांबांवर स्वच्छतेच्या मोहिमांची चित्रं रंगवून प्रेसचा हप्ता फेडला आहे. पोट कुठून भरतं आणि हात रात्री काय कोरतो, हे दोन्ही मिळून चित्रकाराचं राजकारण होतं. गोयाने रात्रीचं काम नष्ट केलं नाही, जपून ठेवलं आणि पुढच्यांच्या हाती सोडलं. माझ्या लेखी हे धैर्य कमी नाही.

1937 मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या फौजांनी माद्रिदला वेढा घातला असताना, प्रजासत्ताकाने याच प्लेटांवरून पुन्हा एक आवृत्ती काढली. तोवर तांबं झिजलेलं होतं. बॉम्ब पडत असलेल्या शहरात सरकार सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भुकेच्या प्लेटांना शाई लावायला पैसे आणि माणसं देतं, हे वाचलं त्या दिवशी माझ्या कामाबद्दलच्या पुष्कळ शंका मिटल्या.

माद्रिदच्या दक्षिणेला ला मांचाचा कोरडा पठारी मुलूख आहे. तिथे लाखोळीच्या पिठाचा एक पदार्थ अजून करतात. स्पेनमध्येही 1967 साली हे पीठ माणसांच्या खाण्यातून बाद केलं गेलं, तरी घराघरांत ते चालत राहिलं. एका खाणावळीत मी तो मागून खाल्ला. चरबीत लसूण परतायचा, पीठ भाजायचं, लाल तिखटाची भुकटी आणि पाणी घालून घोटायचं, आणि कढईतूनच पावाने उचलून खायचं. रंगाला, वासाला, घोटण्याच्या आवाजाला थेट आमचं पिठलं. मालकीणबाईंना मी मोबाइलवर आमच्या बांधीतल्या निळ्या फुलांचा फोटो दाखवला. त्यांनी आतून त्यांच्या आईला बोलावून आणलं. आईने फोटो बघून मान हलवली आणि हाताने पाय दाखवले, मग आकाशाकडे बोट करून ‘गेला तो काळ’ अशी खूण केली. फ्रँकोच्या पहिल्या वर्षांत, यादवी युद्धानंतर स्पेनमध्ये हा लुळेपणा पुन्हा आला होता. ती त्या काळाचीच मुलगी होती.

आता चित्राकडे. गोयाने ताटाबाहेरची गोष्ट ताटात कशी आणली? एक, त्याने उपासमारीच्या चित्रांची मांडणी अशी केली की ती एकमेकांना उत्तरं देतात. 51 मध्ये लापशीभोवती जमलेली गर्दी. 59 मध्ये एक बाई मरणाऱ्या बाईच्या ओठाला प्याला लावते आहे आणि शीर्षक विचारतं, या प्याल्याने आता काय होणार. 61 मध्ये एकीकडे भुकेने वाळलेली माणसं आणि दुसरीकडे उंची कपड्यातले धडधाकट लोक. शीर्षक सांगतं की ही जणू वेगळ्याच जातकुळीची माणसं. हे 61 वं चित्र पाहताना महाराष्ट्रातल्या माणसाला थांबावंच लागतं. दोन, उपकार. 51 च्या शीर्षकातले उपकार खरे आहेत. त्या डाळीने माणसं वाचवलीच. तिने तारलं आणि तिनेच पाडलं. दोन्ही एकाच वाडग्यातून झालं. त्या लोकांपुढे दुसरा वाडगा का नव्हता हे विचारायचं काम त्याने पाहणाऱ्यावर टाकलं. तीन, त्याने पार्श्वभूमीला काही ठेवलं नाही. घर नाही, चौक नाही, चर्च नाही. ॲक्वाटिंटचा करडा थर, बस्स. जिथे शहर असायला हवं तिथे काही नाही.

बर्लिनला मी गेले ती जर्मन चित्रकार केथे कोलविट्झसाठी. प्रेन्झलाउअर बेर्ग भागात तिच्या नावाचा चौक आहे, तिचा बसलेला पुतळा आहे आणि मुलं त्याच्या मांडीवर चढून खेळतात. जवळच ती राहत होती ते घर होतं. नवरा कार्ल गरिबांचा डॉक्टर, दवाखाना घरातच. त्याच्याकडे येणाऱ्या कामगार बायका तिच्या चित्रांत आल्या. 1923 ची महागाई, पावाच्या किमती रोज बदलत होत्या. त्या सुमारास तिने दगडावर काढलेली दोन चित्रं मी प्रत्यक्ष पाहिली. ‘भाकरी’मध्ये दोन मुलं आईला बिलगून ओढताहेत आणि आईचा चेहरा दिसत नाही, फक्त वाकलेली पाठ. दुसऱ्यात मुलांचे चेहरे आणि वर धरलेले रिकामे वाडगे. मुलं चित्राबाहेर, वर बघतात. वाढणारा चित्रात नाहीच. तो जिथे असायला हवा तिथे चित्र पाहणारा उभा असतो. गोयाने वाढणाऱ्याला मधोमध बसवलं होतं. कोलविट्झने त्याची जागा रिकामी ठेवली आणि ती जागा तुमच्या-माझ्या पायाखाली आणली. मी त्या चित्रासमोर एक पाऊल मागे सरकले आणि तरी तिथेच राहिले.

1933 मध्ये नाझींनी तिला प्रशियन अकादमीतून बाहेर काढलं. नोव्हेंबर 1943 मध्ये तिचं घर बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं, त्यात पुष्कळ चित्रं गेली. ही तारीख मी वहीत लिहिली आणि खाली रेघ ओढली. कारण त्याच नोव्हेंबर 1943 मध्ये बंगालचा चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरत होता.

या दोघांमधला धागाही पक्का आहे. शांघायमध्ये लू शुन या चिनी लेखकाने तरुणांना लाकूड कोरायला लावलं आणि 1936 साली कोलविट्झची चित्रं पुस्तकरूपाने छापली. चिनी युद्धकाळातली ती काष्ठछापचित्रं बंगालमधल्या डाव्या चित्रकारांपर्यंत पोचली. बर्लिनहून निघालेली रेष शांघायवरून चटगावला आली, तिथे चित्तप्रसाद आणि सोमनाथ होर यांनी ती उचलली. आपण कलेचा इतिहास पॅरिसहून मुंबईला आलेल्या गाडीसारखा शिकतो. ही दुसरी गाडी अभ्यासक्रमात नव्हती.

मेदिनीपूरला जायला मला परदेशाची तयारी लागली नाही. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी माझ्याच जिल्ह्यातून, भंडारा रोड, गोंदिया करत खड्गपूरला नेऊन सोडते. जानेवारी होता. तमलुकच्या बाजूला कापलेल्या धानाच्या शेतात तीच निळी फुलं होती. तिकडेही उभ्या धानात बी फेकतात.

या जिल्ह्यावर 16 ऑक्टोबर 1942 ला चक्रीवादळ आलं. जपानी येतील म्हणून सरकारने आधीच होड्या आणि तांदूळ हलवले होते किंवा नष्ट केले होते. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, फौजेची खरेदी चालू होती, साठेबाज साठवत होते. आणि हाच जिल्हा ‘चले जाव’ चळवळीत पेटलेला. तमलुकमध्ये डिसेंबर 1942 पासून ताम्रलिप्त जातीय सरकार चालू होतं, आपल्याकडे साताऱ्यात प्रतिसरकार होतं तसं. 1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये मेलेल्यांचा अंदाज 30 लाखांपर्यंत जातो. चित्तप्रसादने शाईने माणसं रेखाटली, सोबत इंग्रजीत लिहिलं आणि त्याची पुस्तिका झाली, ‘हंग्री बेंगाल’. सरकारने 5,000 प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून 2011 साली तिची प्रतिकृती निघाली. माझ्याकडे ती आहे.

तिच्यात मला जे गोयाकडे किंवा कोलविट्झकडे मिळालं नव्हतं ते मिळालं. चित्तप्रसाद नावं लिहितो. हा माणूस कोण, कुठल्या गावचा, काय करत होता, जमीन किती होती, ती कुणाला आणि कशी विकावी लागली. चित्रात हाडं दिसतात, शेजारी हिशेब दिसतो. ताटाबाहेरचं त्याने शब्दांत ताटाशेजारी आणून ठेवलं. कलासमीक्षक अशा वेळी म्हणतात की चित्राने स्वतःच्या पायावर उभं राहावं, मजकुराच्या कुबड्या कशाला. मला हे अजिबात पटत नाही. भुकेल्या माणसाला निनावी ठेवून मिळणारी सार्वत्रिकता ही त्याच्याकडून शेवटची एक गोष्ट काढून घेण्यासारखी आहे. हा चित्रकार पुढे 1946 पासून मुंबईत, अंधेरीला राहिला, लिनोवर मुलांची चित्रं कोरली, बाहुल्यांचे खेळ केले आणि 1978 मध्ये गेला. अंधेरीत मी नातेवाइकांकडे कितीदा राहिले आहे, पण त्या उपनगरात त्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही.

मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, नागपूरच्या बाहेर टोलनाक्यावर आम्ही काही जण खिचडी वाढत होतो. मुंबई-पुण्याकडून, हैदराबादकडून निघालेली माणसं चालत, ट्रकच्या टपावर बसून उत्तरेकडे आणि छत्तीसगढकडे निघाली होती. ऊन पंचेचाळीसच्या घरात. लोकांकडे भांडी नव्हती. कुणी डब्याचं झाकण पुढे करत होता, कुणी कापलेली पाण्याची बाटली, कुणी प्लास्टिकची पिशवी. मी तिथे वही काढली नाही. हातात पळी होती. नंतर घरी आल्यावर मला चेहरे आठवेनात. आठवत होते हात आणि त्या हातांतल्या वस्तू, एकेक वस्तू तिच्या कडांसकट. त्यावरून मी लाकडावर कोरायला घेतलं. एका कलादालनाने चेहरे मागितले, चेहऱ्यांशिवाय पाहणाऱ्याचं काळीज हलत नाही म्हणाले. मी दिले नाहीत. त्या माणसांची नावं मी विचारली नव्हती, मग चेहरे कोणत्या हक्काने विकू?

हे ठोकळे पाहून बोलल्या त्या माझ्या सासूबाई. त्या बीडकडच्या. 1972 च्या दुष्काळात लेकरू पाठीशी बांधून त्यांनी खडी फोडली आहे. लाल मिलो आणि सुकडी खाल्ली आहे. हातात चहाचा कप तसाच धरून त्यांनी एकेक प्रत पाहिली आणि म्हणाल्या, “ह्ये समदं खरंय गं. पर मुकादम कुठाय? टेप कुठाय? दिसभर फोडायचं आन् सांच्याला टेप लावून म्हनायचा, ब्रास भरंना. पैसे तितं कापायचा.”

“आई, तो टेप कसा होता?” मी विचारलं.

“कापडी. गुंडाळायचा. वरची अक्षरं झिजल्याली. त्याला कुठं वाचाया येत व्हतं, आमालाच कुठं येत व्हतं.”

त्या रात्री मी तो टेप कोरला. गोयाचं भांडं, कोलविट्झचा वर धरलेला वाडगा, चित्तप्रसादचा शेजारी लिहिलेला हिशेब, या सगळ्यांतून जे मला नेमकं पकडता येत नव्हतं ते सासूबाईंनी हातात दिलं. वाटप ज्या वस्तूंनी होतं त्या वस्तू काढायच्या. पळी, माप, मस्टर, टेप, शिधापत्रिका. यांच्यात ताटाबाहेरचं सगळं उतरलेलं असतं. सध्या आमच्या रेशन दुकानात अंगठा लावायचं मशीन आहे. शेणामातीत, रोवणीच्या चिखलात, विळ्याच्या मुठीवर ज्यांची बोटं झिजली त्या म्हाताऱ्या बायकांचे ठसे मशीनला उमटत नाहीत. ठसे उमटवणं हे माझं आयुष्यभराचं काम. गावातली एक आजी पदराला अंगठा पुसून पुन्हा पुन्हा मशीनवर दाबते आणि मशीन नकार देतं, हे मी तिच्यामागे रांगेत उभी राहून पाहिलं. तिच्या परवानगीने, तिला समोर बसवून, तिचा अंगठा मी मोठा करून फणसाच्या फळीवर कोरला. झिजलेल्या रेषा कोरायला कठीण असतात. जिथे रेघ नाही तिथे लाकूड काढायचं की ठेवायचं, याचा निर्णय दर मिलिमीटरला करावा लागतो. आजी रोज दुपारी यायची, बघायची आणि कुठे जखमेचा वण राहून गेला ते दाखवायची. खाली तिने सांगितलं तसं तिचं नाव, गाव आणि किती महिने धान्य अडलं ते कोरलं.

या मालिकेच्या प्रतींवर मी क्रमांक घालत नाही. मर्यादित प्रती काढून ठोकळा रद्द करायची रीत बाजाराने आणली, छापण्याच्या कलेचा स्वभाव तो नव्हे. साध्या पांढऱ्या कागदावर, जितक्या मागतील तितक्या काढते. गावी गेल्या खेपेला गोयाच्या 51 व्या चित्राची मोठी छायाप्रतही सोबत नेली होती. बचत गटाच्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. लाखोळीची लापशी म्हटल्यावर त्यांनी ते चित्र स्वयंपाक पाहावा तसं पाहिलं. पाणी फार झालंय, म्हणाल्या. डाळ भिजवून, पहिलं पाणी फेकून मग शिजवायची असते, हिने फेकलं होतं का, असं एकीने विचारलं. दुसरीने तिला गप्प केलं: ज्याच्या घरात एक पायली उरली आहे तो पाणीसुद्धा फेकत नाही. मग आडव्या पडलेल्या बाईकडे बोट करून त्या बराच वेळ बोलत राहिल्या की हिचं घरचं माणूस कुठे आहे, ते लढाईवर असेल, की गर्दीत वाडगा घेऊन उभा आहे तोच तिचा.

अंगठ्याची एक प्रत मी रेशन दुकानाच्या बाहेर लावली होती, ती दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती. सरपंचबाईंना समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून आणखी प्रती मागून घेतल्या आणि ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लावायला सांगितलं. फक्त एक सूचना केली: अंगठा उमटला नाही तरी धान्य नाकारता येत नाही आणि तक्रार कुठे करायची, हे चित्राखाली मोठ्या अक्षरात असू द्या, वाचता येणाऱ्या पोरी बाकीच्यांना वाचून दाखवतील. त्यासाठी वेगळी फळी घेतली. देवनागरी उलटी कोरताना काना आणि वेलांटी फार जपावी लागते, त्यात चार दिवस गेले. आता दोन्ही फळ्या एकाच कागदावर छापते.